आवाजाचा झोत, बाबांच्या खुर्चीपुरता

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाबांना कमी ऐकू येतं, टीव्ही मोठ्याने लागतो, शेजारच्या खोलीत नातवाचा अभ्यास अडतो. मग कोणीतरी सुचवतं, फक्त त्यांच्या खुर्चीवर आवाज सोडणारा स्पीकर घ्या.

असा स्पीकर आहे, आणि त्यात जादू नाही. त्याचं गणित वेस्टरव्हेल्ट यांनी 1963 साली मांडलं. जपानी संशोधकांनी 1983 मध्ये तो करून दाखवला. साधारण 40 किलोहर्ट्झच्या, कानाला न कळणाऱ्या लहरींवर आवाज चढवतात. लहरीची लांबी जेमतेम साडेआठ मिलिमीटर, म्हणून झोत फारसा पसरत नाही. एवढ्या जोरदार लहरी हवेतून जाताना थोड्या विकृत होतात, आणि त्या विकृतीतूनच ऐकू येणारा आवाज वाटेत तयार होतो.

संग्रहालयात एका चित्रासमोर हे छान चालतं. घरी खर्जाची बोंब! डग्गा जवळपास गायब, तेव्हा गाण्यासाठी घेऊ नका. बातम्या समजतात. पण झोत काचेवर आपटला की परततो, नातवाला पुन्हा सगळं ऐकू येतं. तो वरून खाली, गालिच्याकडे सोडलेला बरा.

त्याआधी कान तपासून घ्या. चष्म्याची लाज नाही, मग श्रवणयंत्राचीच का? आमचे बाबा अजून तयार नाहीत. शिवाय ते बातम्या चालू असताना येरझारा घालतात.