पळून आलेलं लेकरू

लेकरांना जवळ घेणाऱ्या प्रभूनेच त्यांना अडखळवणाऱ्याला जात्याच्या तळीचा इशारा दिला.

दिवाळीनंतर आपल्या अलिबाग-मुरूडकडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. काहींची लेकरे आश्रमशाळेत राहतात. जातीवरून कोणी चिडवले, मोठ्या मुलाने मारले, कोणी नको तिथे हात लावला, तर सांगायचे कोणाला? आईबाप दूर. मग लेकरू वाडीवर पळून येते. त्याला रागावून परत धाडू नका; आधी जवळ बसवून विचारा.

संस्थेचे नाव जाईल म्हणून गप्प राहू नका. लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांत न कळवणे हा 2012 च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. लेकरांकडून 1098 पाठ करून घ्या. फोन फुकट लागतो. आपल्या मिशनच्या वसतिगृहांनाही हाच नियम.