बॅ. अंतुले यांचे स्मरण

(स्मृतिसभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे २ डिसेंबर २०१४ रोजी निधन झाले. त्यांचे आंबेत गाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्जत-खालापूरपासून दूर. तरीही त्यांच्या एका निर्णयाशी आमच्या रुग्णांचा नित्य संबंध येतो. ज्याला आपण सारे नुसते 'निराधार' म्हणतो, ती संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांनी मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये सुरू केली.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला घरचा कर्ता, क्षयाने खंगलेला मजूर, वाडीवरची एकाकी विधवा; यांच्यावर उपचार आपण करू शकतो, परंतु त्यांची चूल पेटती ठेवणे कोणत्याही ट्रस्टच्या आवाक्याबाहेरचे आहे. २०२३ मध्ये हे अनुदान दरमहा १५०० रुपये झाले. ते पुरेसे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण तेवढेही अनेकांच्या पदरी पडत नाही. कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात गाव सोडतात आणि कागदपत्रे अर्धवट राहतात. म्हणून आप्तजनांना विनंती, की रुग्णालयातून घरी जाताना मिळालेले कागद जपून ठेवावेत, आणि उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन तहसील कार्यालयात अर्ज करावा. ही भीक नव्हे, आपला हक्क आहे.

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

देणगीदारांसमोर बोलताना एक गोष्ट टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले, ते सिमेंटचे वाटप आणि एका प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जोडल्यानंतर. पुढे न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालली. त्यांच्या कार्याविषयी आदर बाळगूनही आम्ही हे सांगतो, कारण देणगीवर चालणाऱ्या संस्थेने तो प्रसंग विसरणे परवडणारे नाही. देणाऱ्याने बदल्यात काही मागू नये आणि घेणाऱ्याने काही देऊ नये. आपल्याकडे देणगीची पावती मिळते, खाट मात्र आजाराच्या निकडीनुसारच मिळते.

१९९५ मध्ये ते केंद्रीय आरोग्यमंत्री झाले. तेव्हा ते कुलाब्याचे खासदार होते. त्याच वर्षी डिसेंबरात देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. अर्थात तिचे श्रेय एका मंत्र्याचे नव्हे. डोंगर चढून ठाकूरवाड्यांपर्यंत लशीचा डबा नेणाऱ्या परिचारिका व अंगणवाडी सेविका यांचे ते अधिक. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. अंतुलेसाहेबांना तो दिवस पाहता आला.