आधी हात कोणत्या कामाला?



पाऊस ओसरायला लागला की आमच्या पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीच्या लागवडीची घाई सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप जमिनीत गेलं, तर हिवाळ्यात फळ हाती येतं, आणि पहिल्या तोड्यांना भाव बरा मिळतो. लागवड मागे पडली की तोडा मागे पडतो. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज आपण कामाच्या आखणीबद्दल बोलू या.

या आखणीला क्रिटिकल पाथ पद्धत म्हणतात. आपण तिला कळीची वाट म्हणू. 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती कारखान्यांच्या कामासाठी बसवली. नाव परकं असलं तरी हिशोब आपल्या चुलीजवळचा आहे. पुरणपोळी करायची तर आपण आधी डाळ शिजत घालतो आणि मग कणीक मळतो. कणीक कितीही झटपट मळली, तरी डाळ शिजेपर्यंत पोळी होत नाही.

आता लागवडीचं बघू. समजा, गटानं थोडी जमीन खंडानं घेतली. दिवस आपण उदाहरणापुरते धरू. नांगरट आणि कुळवणी 6 दिवस. शेणखत मिसळून गादीवाफे 5 दिवस. ठिबकच्या नळ्या अंथरून पाणी तपासायला 2 दिवस. मल्चिंग पेपर अंथरून भोकं पाडायला 3 दिवस. ही कामं एकामागून एकच होतात. बेरीज झाली 16 दिवस.

दुसरीकडे रोपांचं काम. बैठकीत ठराव, सह्या आणि बँकेतून पैसे काढायला 3 दिवस. आगाऊ रक्कम भरल्यावर रोपवाटिकेतून रोपं यायला 22 दिवस. बेरीज 25. दोन्ही वाटा एकाच दिवशी सुरू केल्या, तरी लागवड 25 दिवसांनंतरच होणार. लागवडीचे 2 दिवस धरले तर सगळं काम 27 दिवसांचं. सगळ्यांत लांब वाट ती कळीची वाट. तिच्यावर एक दिवस वाया गेला, की लागवड एक दिवस पुढे गेली.

बघा, घाम गळतो शेतात, पण तारीख ठरते रोपांवर. आपण सगळ्याजणी पहाटेपासून वाफ्यांवर राबलो आणि सह्यांसाठी सचिवताईंची तीन दिवस वाट बघत बसलो, तर ते राबणं लागवडीला एक दिवसही अलीकडे आणत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ठराव आणि सह्या. शेतावरच्या दोघीजणी कमी झाल्या तरी चालतील, पण रोपवाटिकेकडे पाठपुरावा हवा. मातृरोपाच्या धावत्या फुटव्याला मूळ धरायला वेळ लागतोच, दहाजणी उभ्या राहिल्या म्हणून ते लवकर धरत नाही. आपल्या हातात आहे ते नोंदणी लवकर करणं.

जमिनीच्या कामाला इथे 9 दिवसांची मोकळीक आहे. चार दिवस पाऊस लागला, कुणाच्या घरी बाळंतपण आलं, कुणाला ताप आला, तरी जीव तोडून धावायला नको. पण एक ध्यानात ठेवा. हे 9 दिवस चारही कामांचे मिळून आहेत. नांगरटीनंच ते संपवले, तर वाफ्यांना आणि पेपरला काहीच उरत नाही. नळ्या आणि पेपर वेळेवर येतील, हेही आधी बघून ठेवायला हवं.

आणि वाट बदलतेसुद्धा. रोपं 22 ऐवजी 10 दिवसांत मिळाली, तर ती वाट 13 दिवसांची झाली. आता जमिनीची 16 दिवसांची वाट लांब, म्हणजे तीच कळीची. मग हात तिकडे वळवायचे. म्हणून आखणी एकदा करून भिंतीला लावली आणि विसरलो, असं चालत नाही. दर आठवड्याच्या बैठकीत ती पुन्हा बघायची.

हे करायला संगणक लागत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे करा. एका तुकड्यावर एक काम आणि त्याचे दिवस. लिहिता येत नसेल तर चित्र काढा आणि दिवसांइतक्या रेघा ओढा. मग प्रत्येक तुकडा उचलून विचारा, याच्या आधी काय झालंच पाहिजे? त्याप्रमाणे जमिनीवर मांडा. प्रत्येक वाटेचे दिवस मोजा आणि सगळ्यांत लांब वाटेवर कुंकवाचं बोट लावा. प्रत्येक कामाचे दिवस ते काम करणारीलाच विचारा. वाफे कधीच न केलेल्यानं सांगितलेले दिवस खरे निघत नाहीत.

पापडाची मोठी मागणी असो, शिलाईचं काम असो की गटाची नवी गिरणी, पद्धत हीच. येत्या बैठकीत तुमच्या गटाचं एक काम असं मांडा. ठरावाची वही आणि पुठ्ठ्याचे तुकडे शेजारी शेजारी ठेवा, आणि कुंकवाचं पहिलं बोट कोणत्या कामावर पडतं ते सगळ्याजणी मिळून बघा.