सारथी नसलेली मोटार



माझ्या लहानपणीं जालन्याच्या बाजारीं कापूस घालून परतणारा गाडीवान गाडींतच निजे आणि बैल त्याला बिनचूक घरीं आणीत. आज मोटारीस तितकेंच शहाणें करण्याचा यत्न चालला आहे. अमेरिकेंतील फीनिक्स व सॅन फ्रॅन्सिस्को येथें चालकावांचून भाड्याच्या मोटारी धावतात. आपले केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं २०२३ सालीं चालकांच्या पोटाचें कारण देऊन अशा मोटारींस नकार दिला. पोटाचा प्रश्न खराच. परंतु त्याआधीं विश्वासाचा प्रश्न येतो.

१८ मार्च २०१८ च्या रात्रीं ॲरिझोना संस्थानांतील टेंपी गांवीं चांचणीच्या अशाच एका मोटारीनें, सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईस ठार केलें. चौकशींत असें निघालें कीं, धडकेपूर्वीं पांच सेकंदांहून अधिक काळ ती बाई मोटारीस दिसत होती. पण ही मोटार, सायकल कीं आणखी कांहीं, याचा निश्चय होईना. नेमलेली जागा सोडून माणूस रस्ता ओलांडील, हें तिला शिकविलेलेंच नव्हतें. देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीची नजर फोनकडे होती.

आतां आपल्याकडे पाहा. समृद्धि महामार्गावर अशी मोटार कदाचित् सुखानें चालेल. पण तेथून उतरून जालन्यांत शिरतांच मागचा दिवा नसलेली ट्रॉली, रस्त्यांत बसलेली गाय, उलट्या बाजूनें येणारी फटफटी भेटते. नेमल्या जागीं रस्ता ओलांडणारा मात्र क्वचितच!

माणूस चुकत नाहीं, असें मी म्हणत नाहीं. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें दगावलीं. तेव्हां चाक माणसाच्याच हातीं होतें. यंत्राला झोंप येत नाहीं, नशा चढत नाहीं. परंतु एक चालक चुकला तर एकच गाडी चुकते. एकच बुद्धि हजार गाड्यांत घातली, तर त्या हजारही त्याच जागीं चुकतील.

मीं जन्मभर पस्तीस गुणांवर मुलें उत्तीर्ण केलीं. ही परीक्षा तशी नव्हे. ती आपल्याच बाजारांत, दिवेलागणीस, भर पावसांत घ्यावी. ओळख पटेना तर मोटारीनें वेग आवरावा. आणि अपघात झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हें आधींच ठरलेलें असावें.

बैलांना वाट पाठ होती, हें त्यांचें अर्धें शहाणपण. उरलेलें अर्धें म्हणजे न समजलेल्या वस्तूपुढें थबकणें. तेवढें मोटार शिकली, कीं मीही तिच्यांत निर्धास्तपणें डोळा मिटीन.