निकालाची तारीख नाही



मला ‘संगणक आणि आपण’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला आणि संयोजकांनी काही न विचारता बदलून दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. मधली दोन वर्षं मी आपल्या ग्रुपवर नव्हते. कुणी म्हणालं, अमेरिकेला गेली. कुणी म्हणालं, शिष्ट झाली. मी पुण्यातच होते. मला डिप्रेशन आहे, अकरा वर्षं झाली. गोळ्या सुरू आहेत, नोकरीही सुरू आहे.

अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले. मी उरलेल्यांतली. दोन औषधं पुरेशी लागू पडली नाहीत, तिसऱ्याने मी, माझ्या हिशेबाने, साठ टक्के उभी राहिले. राहिलेल्या चाळीस टक्क्यांसाठी नव्या उपचारांची वाट पाहते आहे.

आपण बोर्डाच्या निकालाची वाट पाहिली होती, आठवतं? पोटात गोळा यायचा, पण जूनमध्ये निकाल लागणार हे नक्की होतं. इथे तसं नाही. केटामाइनचंच बघा. हे भूल देण्याचं जुनं औषध. त्याने नैराश्य तीन दिवसांच्या आत हलकं होतं, असं दाखवणारा छोटासा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्याच्याच भावंडाचा, एस्केटामाइनचा, नाकात मारायचा फवारा अमेरिकेत मंजूर झाला २०१९ मध्ये. मध्ये एकोणीस वर्षं गेली. ज्यांना ते २००० सालीच हवं होतं, त्यांचं काय झालं असेल, हा विचार मी रात्री करत नाही. सकाळी करते.

तुमच्यातल्याच एकाने तिकडून प्रेमाने विचारलं, “पाठवू का गं?” नाही पाठवता येत, बाबा. ते घरी देतच नाहीत. दवाखान्यात त्यांच्यासमोर घ्यायचं, निदान दोन तास तिथेच थांबायचं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रक्तदाब वाढू शकतो, भान थोडं सुटल्यासारखं होतं, म्हणून हा बंदोबस्त.

दुसरं नाव तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलं असेल: सिलोसायबिन, एका जातीच्या अळंबीतलं द्रव्य. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला ‘ब्रेकथ्रू’ हा शिक्का दिला आणि बातम्या आल्या, नैराश्यावर रामबाण सापडला! माझ्या आईने तर पेढे आणायचे बाकी ठेवले होते. पण तो शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे. तपासणी जरा वेगाने करू, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रेने तीन आठवड्यांनी फरक दिसला, नंतर तो ओसरत गेला. शिवाय खरं औषध मिळालं की नाही, हे रुग्णाला तासाभरात कळतंच. आमच्या क्षेत्रात अशी चाचणी कुणी केली, तर मी ती परत पाठवीन. इथे दुसरा मार्ग काय, हे मात्र मलाही सुचत नाही.

मग प्रयोगातच भाग का घेत नाहीस, असं विचारतात. मी नियम वाचले आहेत. त्या २३३ जणांच्या प्रयोगात आधीची औषधं हळूहळू बंद करणं ही अट होती. म्हणजे माझे साठ टक्के आधी सोडायचे आणि मग चिठ्ठीत काय निघतं ते बघायचं. माझी मुलगी आठवीत आहे. चालू सर्व्हर बंद करून नवा बसेल का, ते बघायची चैन मला परवडत नाही. दुसऱ्या कुणाला परवडेल, आणि असे लोक पुढे आले म्हणूनच उद्या मला औषध मिळेल. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

दरम्यान मी आरटीएमएस घेतलं. कपाळाच्या डाव्या बाजूला चुंबकीय ठोके देतात, सुतारपक्षी टोचा मारतो तसे. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. ऑफिसात ‘फिजिओथेरपी’ सांगितलं होतं, आता खरं सांगते. साठाचे सत्तर झाले. हे नवं नाही, अमेरिकेत २००८ पासून मंजूर आहे. पुण्यात मिळतं, पण कुणी फॉरवर्ड करत नाही. नव्याची वाट पाहताना हातातलं राहून जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

इथे कुणाला गरज असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझाही नंबर ग्रुपवर आहेच. कालपासून मी परत आले आहे. उत्तर दोन दिवसांनी आलं तर रागावू नका, आणि “छान फिरून ये, बरं वाटेल” असं कृपया लिहू नका. चहाला बोलवा. येईन की नाही, ते त्या दिवशी सांगेन.