सुटलेली सवय आणि बदललेली जागा



एखादा कामगार व्यसनमुक्ती केंद्रात राहून बरा होतो आणि घरी परतल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा गुत्त्याची पायरी चढतो. मालक म्हणतो, "काढून टाका." शेजारी म्हणतात, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." हा न्याय मला मान्य नाही. का नाही, एवढेच आज मांडावयाचे आहे.

सवय सुटली म्हणजे ती पुसली गेली, अशी आपली समजूत असते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने दाखवले की, खुणेमागून अन्न येईनासे झाले म्हणजे कुत्र्याची लाळ थांबते खरी. पण काही काळाने त्याच खुणेसरशी ती पुन्हा सुटते. जुना धडा मेलेला नसतो, दबा धरून असतो. १९७९ साली अमेरिकेत बाउटन आणि बोल्स यांनी उंदरांवर प्रयोग केले. एका पिंजऱ्यात बसलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली. पहिल्या पिंजऱ्यात नेताच ती परतली. पुढे असेही आढळले की, तिसऱ्या, अनोळखी पिंजऱ्यातही ती परतू शकते. म्हणजे जुनी खोड बरोबर हिंडते. नवा धडा मात्र जेथे गिरवला तेथेच बहुधा अडकून राहतो.

मग जागा बदलून काहीच साधत नाही काय? साधते. व्हिएतनामहून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स या विदुषीने पाहणी केली. शेकडा २० च्या आसपास सैनिकांना तेथे अफू-हेरॉइनचे व्यसन जडले होते. मायदेशी पहिल्या वर्षात त्यांपैकी शेकडा ५ च्या सुमारासच पुन्हा व्यसनी झाले. व्यसनाची जागा, सोबती आणि हाताशी मिळणारा माल मागे राहिला, हे त्याचे एक मोठे कारण. आमच्या कामगाराचे नेमके उलट होते. तो बरा होतो केंद्रात आणि परततो त्याच चाळीत, त्याच सोबत्यांत, त्याच पगाराच्या संध्याकाळी!

तेव्हा उपाय केंद्राच्या फाटकाशी संपता कामा नये. "नको" म्हणण्याचा सराव घरी, कारखान्याच्या दारात, पगाराच्या दिवशी, अशा अनेक ठिकाणी व्हावयास हवा. बदली करावयाची तर नव्या खात्यात त्याची हकीकत जाणणारा एखादा विश्वासू सोबती हवा, आणि केंद्राशी भेटीगाठी चालू हव्यात. पाय घसरलाच, तर त्याच दिवशी उपचारांकडे परतण्याची वाट मोकळी हवी.

मालकाशी बोलणी करताना मी एवढेच मागतो. यंत्र दुरुस्त होऊन आले, तरी नव्या पायावर बसवताना फिटर ते पुन्हा तपासतोच. बिघडले तर भंगारात टाकत नाही. घसरलेल्या माणसाची नोकरी गेली की उपचाराचा खर्च बुडतो, घराची चूल विझते, आणि त्याला उरतो तो फक्त गुत्ता. आपल्या शेजारी असा कोणी परतला असेल, तर त्याला टोमणा मारण्यापूर्वी पगाराच्या संध्याकाळी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा.