घारापुरीची वीज आणि समुद्रातील केबल

घारापुरीच्या राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर या वस्त्यांना दीर्घकाळ संध्याकाळी काही तास जनरेटरचाच आधार होता. २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे महावितरणची वीज पोहोचली. त्यासाठी समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकावी लागली. तीतून आपल्या घरातल्यासारखाच प्रत्यावर्ती प्रवाह २२ किलोव्होल्ट दाबाने वाहतो. स्वीडनने १९५४ साली गोटलंड बेटास वीज दिली ती मात्र एकदिश प्रवाहाने. फरक अंतराचा, तेथील केबल सुमारे शंभर किलोमीटरची.

केबलमधील तारेभोवती निरोधक वेष्टन व त्यावर धातूचे कवच असते. ही रचना म्हणजे एक लांबलचक विद्युत् धारित्रच होय. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सेकंदास शंभर वेळा पालटते आणि दर वेळी हे धारित्र भरावे व रिते करावे लागते. त्यासाठी लागणारा प्रवाह लांबीबरोबर वाढत जातो. अखेरीस तारेची सारी क्षमता त्यातच खर्ची पडते. ग्राहकाच्या वाट्याला काही उरत नाही. मनोऱ्यांवरील उघड्या तारांत हा भार फार थोडा असतो. जमिनीखालील केबलला तो चुकत नाही, पण तेथे वाटेत रिअॅक्टर बसवून तो हलका करता येतो. भर समुद्रात ते कोठे बसविणार?

एकदिश प्रवाहात दाब पालटत नाही, म्हणून केबल एकदाच भारित होते. परंतु दोन्ही टोकांस परिवर्तन केंद्रे लागतात, आणि ती फार खर्चिक असतात. साडेसात किलोमीटरसाठी ती उभारणे म्हणजे ओढा ओलांडण्यास जहाज बांधणे! गोटलंडच्या २० मेगावॉटसाठी मात्र तो खर्च सोसणे भागच होते.